कच्ची छपाई

"भावजी, ह्याच्यावरचं नाव वर काढता येतंय का बघा."

लंकावहिनीनं कॅरीबॅगेतून टी-शर्ट काढला आणि माझ्या छपाईच्या टेबलावर पालथा पसरला. गडद निळा, गोल गळ्याचा. सरकारी दवाखान्यात अंगावरून काढताना तो पुढून उभा कापला होता. ती चीर तिनं पांढऱ्या दोऱ्यानं टाचली होती. पाठ शाबूत होती. पाठीवर काहीच नव्हतं.

"कुठलं नाव?" मी विचारलं. विचारायची गरज नव्हती.

"ठेकेदाराचं. तुम्हीच छापलं होतं की. दीपतारा सफाई सेवा. मला वाचता येत न्हाई, पण ती अक्षरं वळखीची झाली होती. रोज हाताखालून जायची."

तिचा नवरा पंडित खंडागळे माझा लहानपणापासूनचा दोस्त. त्याआधी एकोणीस दिवस तो बसस्टँडमागच्या गटाराच्या चेंबरमध्ये उतरला आणि वर आला नाही. आतल्या वायूनं मेला. दोर कमरेला होता, पण ओढून काढेपर्यंत वेळ झाला होता. नगरपालिकेनं सफाईचा ठेका भालेकरला दिला होता आणि पंडित दोन वर्षं भालेकरकडं राबत होता, हे गावातल्या कुत्र्यांनाही माहीत होतं. पण कुत्र्यांची साक्ष कोण घेतं?

"ठेकेदार म्हणतोय, हा माझा माणूसच न्हाई," वहिनी म्हणाली. "लोखंडी झाकण चोरायला गेला आणि आत पडला, म्हणतोय. सोमवारी सुनावणी हाय. कामगार ऑफिसातले साहेब म्हणाले, बाई, हजेरीपटावर नाव न्हाई, वळखपत्र न्हाई, कायतरी दाखवा. तर मला हा आठवला."

"पोलिसांच्या पंचनाम्यात काय लिहिलंय?"

तिनं पदराच्या गाठीतून चौघडी कागद काढला. मी वाचला. अंगावर निळ्या रंगाचा कोरा टी-शर्ट, खाकी पँट, पायात काही नाही.

कोरा. पोलिसानं खोटं लिहिलं नव्हतं.

"मीच घालवलं," ती म्हणाली. तिनं तळहात टी-शर्टाच्या पाठीवर ठेवला होता. "रोज धुवायची. गटारातला वास साधा जात न्हाई, भावजी. सोड्यात भिजवायची, ब्रशनं घासायची. हे म्हणायचे, अगं हळू, अक्षरं चाललीत. मी म्हणायची, अक्षरं काय खायाचीत? वास जाऊ दे आधी. मला काय ठाव, ती अक्षरंच..."

ती रडली नाही. तिचं रडून झालेलं होतं. ती माझ्या तोंडाकडं बघत होती, दवाखान्यात डॉक्टरकडं बघतात तशी.

तिथंच बोलायला पाहिजे होतं मी. दोन वाक्यांचं काम होतं.

मी म्हणालो, "बघतो."

ती गेल्यावर मी टी-शर्ट घेऊन गच्चीवर गेलो आणि उन्हाकडं तोंड करून तो ताणून धरला. कापडाच्या आत कुठंतरी एक पुसट सावली होती. पाठीच्या मध्यावर, कमानीसारखी. अक्षर म्हणून एकही वाचता येत नव्हतं. फक्त कमानीखाली उजव्या अंगाला एक बारीक ठिपका होता, राईच्या दाण्याएवढा. तो ठिपका माझ्या ओळखीचा होता. छापताना कापडावर टेकवायच्या माझ्या फ्रेमच्या जाळीला तिथं एक भोक पडलं होतं, त्यातून शाई गळायची. सुईच्या टोकाएवढं भोक चिकटपट्टी लावून बुजवायचं असतं. मी बुजवलं नव्हतं.

ठिपका होता, नाव नव्हतं.

शनिवारचे तीन वाजले होते. सोमवारी अकराला सुनावणी. एकट्या पंडितच्या टी-शर्टावरचं गेलं असेल, मी मनाशी म्हणालो, बाकीच्यांवरचं असेल. भालेकरनं चाळीस टी-शर्ट नेले होते. एकावर तरी नाव राहिलं असेलच. सायकल काढली आणि यल्लप्पाकडं गेलो. पंडित खाली उतरला तेव्हा वर दोर यल्लप्पाच्या हातात होता.

यल्लप्पा दारात बसून दाढी करत होता. मला बघितल्यावर त्यानं वस्तरा थांबवला आणि अर्ध्या साबणासकट उठून दार लोटून घेतलं. आम्ही बाहेर, बायकापोरं आत.

"टी-शर्ट हाय का तुझा?" मी विचारलं. "ठेकेदाराचा. निळा."

"कशाला?"

"तुला म्हाईत हाय कशाला."

तो घराच्या मागं गेला आणि एक बोळा घेऊन आला. तो टी-शर्ट होता, स्कूटर पुसायला घेतलेला. मी उलगडला. पाठ कोरी. फक्त खांद्याच्या शिवणीत पांढरं काहीतरी अडकलं होतं, नखानं उकरलं तर निघालं.

"दुसऱ्या कुणाकडं?"

"समद्यांचं असंच हाय. म्हादूच्या बायकोनं पायपुसणं केलंय. चव्हाणानं तर पयल्याच धुण्याला टाकून दिला." यल्लप्पानं माझ्याकडं बघितलं. "तूच छापलं होतंस न्हवं? मग मला काय इचारतूस? गाळ उपसून उपसून आमची चामडी न्हाई गेली, पर तुझी शाई गेली बघ."

"सोमवारी येतोस का? दोर तुझ्या हातात होता, एवढंच सांग."

"दोर?" तो म्हणाला. आवाज एकदम खाली आला. "मी तिथं न्हवतोच, सुखदेव. ठेकेदारानं मला ट्रॅक्टर दिलाय चालवायला. परवापासून. खाली उतरायचं न्हाई आता. तीन लेकरं हाईत मला. मी तिथं न्हवतो."

त्यानं दार ढकललं आणि आत गेला. अर्धी दाढी तशीच.

आणखी सहा घरं केली. सहा टी-शर्ट बघितले. एकावर एक उभी रेघ शिल्लक होती, तीही कसली ते सांगता येत नव्हतं. दुकानात परत आलो तेव्हा दिवे लागले होते. टेबलावर पंडितचा टी-शर्ट तसाच पालथा होता, हात पसरून झोपलेल्या माणसासारखा.

आणि मग मी वर बघितलं. माळ्यावर फ्रेम होती.

काम संपलं की फ्रेम धुऊन टाकायची असते, म्हणजे त्याच जाळीवर नवीन अक्षरं घेता येतात. ही मी धुतली नव्हती. भालेकर पुन्हा काम देईल म्हणून ठेवली होती. दीपतारा सफाई सेवा, कमानीत, भोकासकट. आणि त्याच लॉटमधला एक टी-शर्टही पडून होता, गळ्याची शिवण उसवलेला म्हणून बाजूला काढलेला. तोच कपडा, तोच निळा, तीच फ्रेम.

कोण म्हणणार होतं खोटा?

रविवारी आमच्याकडं दुपारी दोनला लाईट यायची, सहाला जायची. तेव्हा भारनियमन होतं, दिवसाचे बारा तास अंधार. मी एकपासून तयार होतो. पांढरा रंग, बाइंडर, त्यात रंग पक्का करणारं फिक्सर. शंभराला दोन, आणि नजरेनं नाही, सोनाराच्या काट्यासारखं मोजून. एरवी मी सगळं अंदाजानं ओतायचो. आयुष्यात पहिल्यांदा इतक्या सांभाळून छापत होतो आणि ते खोटं होतं. टी-शर्ट फळीवर चढवला, एकही सुरकुती ठेवली नाही, फ्रेम टेकवली, शाईवरून रबर एका दाबानं ओढलं. वाळवलं, पुन्हा ओढलं. अक्षरं अशी बसली की जणू कापडातच विणलेली.

दोनला लाईट आली. माझी भट्टी म्हणजे भंगारातून आणलेलं पत्र्याचं कपाट, आत हीटरच्या चार कॉइली आणि बेकरीवाल्याकडून घेतलेला तापमानाचा काटा. काटा दीडशेवर आला तसा टी-शर्ट आत टांगला. तीन मिनिटं. घड्याळ लावून तीन.

मग तो घेऊन न्हाणीत आईकडं गेलो.

"धू," मी म्हणालो. "सोडा घाल. बडव."

माझी आई चाळीस वर्षं लोकांच्या घरची धुणी धूत आली. तिच्या धोपटण्याखाली वाचला तो कपडा जन्माला पुरला, असं वस्तीत म्हणायचे. तिनं टी-शर्ट दगडावर आपटला, पिळला, पुन्हा आपटला. मी शेजारी बसून मोजत होतो. एक धुणं, दोन, पाच, दहा. दर वेळी उन्हात झटकून बघायचो. अक्षरं जशीच्या तशी. दात विचकून हसत होती माझ्याकडं.

"जात न्हाई की रं," आई म्हणाली. खूश होती बिचारी. "लई बेस छापलंस."

"जायला पाहिजे."

"आं?"

"अर्धं तरी जायला पाहिजे. जुना दिसायला पाहिजे."

मी ब्रश घेतला. ब्रशनं होईना म्हणून पॉलिशपेपर आणला, भिंत घासतात तो. घासला. कापडाचे धागे उठले, अक्षरं हलली नाहीत. मी घासत राहिलो. माझी बोटं सोलली, निळ्यावर तांबडं लागलं. आईनं माझं मनगट धरलं.

"काय चाललंय? कुणाला दावायचाय हा?"

मी सांगितलं. पंचनामा, सुनावणी, लंकावहिनी, सगळं. आई धोपटणं मांडीवर ठेवून ऐकत राहिली. आणि शेवटी एवढंच म्हणाली, "आज भट्टीत घालायला गावलं तुला. मग तवा ती चाळीस का न्हाई घातलीस?"

तर तेही सांगतो.

छापलेली शाई हात लावला तर लगेच सुकलेली लागते. पण ती नुसती वर बसलेली असते. आच लागली की मग ती कापडाला धरते. भाकरीसारखंच. वरून पापुद्रा धरला म्हणजे आत भाजली असं नसतं. भाकरी कच्ची राहिली तर पोट सांगतं, छपाई कच्ची राहिली तर पाणी सांगतं. माझी छपाई कधी टिकायची, कधी नाही. लाईट असली तर भाजायचो, नसली तर गच्चीवर वाळत घालायचो आणि वरून कोळशाची इस्त्री फिरवायचो. गिऱ्हाईक भांडायला आलं तर म्हणायचो, तुम्ही गरम पाण्यात धुतलं असणार.

भालेकर आला तेव्हा संध्याकाळ होती. "पेंटर," तो म्हणाला. मी आधी पाट्या रंगवायचो म्हणून मला गाव पेंटरच म्हणायचं. "उद्या अकराला वरून तपासणी आहे. गणवेश दिसला पाहिजे. चाळीस." रात्रभर हातानं छापले. सकाळी सहाला शेवटचा छापून झाला आणि लाईट गेली. चाळीस टी-शर्ट गच्चीवर दोरीला. नऊला तो गाडी घेऊन हजर. मी म्हणालो, "भाजायचे राहिलेत, संध्याकाळी लाईट आल्यावर..." तो म्हणाला, "संध्याकाळी काय माझ्या बापाला दाखवू? दे तसेच." एकावर अंगठा घासून बघितला, हसला, रोख पैसे टेबलावर टाकले. पावती त्यानं मागितली नाही, मी दिली नाही. आणि नंतर त्याची तक्रार कधी आली नाही. मी महिनाभर वाट बघत होतो. आली नाही म्हणून सुटलो असं वाटलं.

हे मी आईला सांगितलं, पण सगळं नाही. एक गोष्ट राहिली होती. ती मी त्या दिवसापर्यंत स्वतःलाही धड सांगितली नव्हती.

दिवस मावळायच्या आत लंकावहिनीच्या घरी गेलो. ती चुलीपुढं होती. मी टी-शर्ट पुढं केला. तिनं हात पदराला पुसले, अक्षरांवरून बोट फिरवलं. पहिल्यापासून शेवटपर्यंत, मग उलटं.

"आलं का वर?"

"हा तो नाही. दुसरा हाय. उद्या म्हणायचं, पंडितला दोन दिले होते. एक अंगावर होता, एक घरी होता."

तिनं अक्षरांवरचं बोट काढलं.

"एकच होता हो," ती म्हणाली. "एकच होता म्हणून तर रात्री धुवायची आणि चुलीच्या उबेला वाळवायची. सकाळी ओला घालून जायचे कधी कधी." मग मान हलवली. "पण म्हणंन मी. दोन होते म्हणंन. चोर म्हणत्यात त्यांना. पोरगी शाळेत जात न्हाई त्यापायी. म्हणंन मी."

"बास मग."

"पण साहेब इचारतील की. एकावरचं टिकलं, दुसऱ्यावरचं कसं गेलं?" तिनं माझ्याकडं बघितलं. डोळ्यांत काही नव्हतं, फक्त हिशोब जुळवत होती. "मी म्हणंन, रोजच्या वापरातला मी घासून घालवला. ते तर खरंच हाय. तेवढं खोटं बोलायला लागणार न्हाई."

चुलीतलं लाकूड तडकलं. मला बसवेना.

"वहिनी, तुम्ही नाही घालवलं."

"आं?"

"मी भाजलेच नव्हते. चाळीसच्या चाळीस कच्चे दिले. नुसत्या पाण्यानंही गेले असते."

तिनं चुलीतलं लाकूड मागं ओढलं.

"आणि पंडितला मी..." मी चुलीकडं बघून बोललो. "तो एक दिवसाआड दुकानात चहाला यायचा. तोच टी-शर्ट घालून. एकदा म्हणाला, सुक्या, तुझी अक्षरं पळायला लागली रं. मी म्हणालो, लंकावहिनीला सांग, हळू घास. उलटा करून धुवायला सांग. मीच सांगितलं तसं. तुम्ही घासता म्हणून जातंय, हे त्याच्या डोक्यात मी घातलं. तो पाठमोरा झाला की मी दुसरीकडं बघायचो."

वहिनीनं तवा उतरवला. हातानंच. चटका बसला असणार, तोंडावर दिसला नाही.

"भाजायला किती वेळ लागतो?" तिनं विचारलं.

"तीन मिनिटं."

"आणि चहाला किती वेळ बसायचे ते?"

ती उत्तरासाठी थांबली नाही. खोटा टी-शर्ट तिनं घडी घातला. नीट, बाह्या आत घेऊन, दुकानात ठेवतात तसा. आणि माझ्या मांडीवर ठेवला.

"हे घेऊन जावा. उद्या साहेबापुढं हेच सांगा, जे आता मला सांगितलं. समदं. माझ्या घासण्याचं पण."

सोमवारी कामगार ऑफिसात एक टेबल, त्यामागं साहेब, शेजारी लिहून घेणारा कारकून. भालेकर खुर्चीत, पायावर पाय. लंकावहिनी भिंतीला टेकून उभी. तिला कुणी खुर्ची दिली नाही. मी बगलेत फ्रेम घेऊन शिरलो तेव्हा भालेकरनं माझ्याकडं असं बघितलं, जणू मी पंखा दुरुस्त करायला आलोय.

"हा कोण?" साहेबांनी विचारलं.

"ह्यांना मी ओळखत नाही," भालेकर म्हणाला. "साहेब, मी माझ्या माणसांना कधी टी-शर्ट-बिटीशर्ट दिलेच नाहीत. माझे अकरा कामगार आहेत, अकरांची नावं हजेरीपटावर आहेत. त्यात खंडागळे नाही. वाईट झालं, पण चोरी ती चोरी."

मी पंडितचा टी-शर्ट टेबलावर पसरला आणि वर फ्रेम ठेवली. साहेब सज्जन होते. उठले, खिडकीशी टी-शर्ट नेऊन उजेडात धरला, फ्रेम लावून बघितली, चष्मा काढून ठिपका बघितला.

"सावली आहे," ते म्हणाले. "वाचता मात्र काही येत नाही. पावती?"

"नाही."

"बिल, चिठ्ठी, काही?"

"नाही."

"मग फ्रेम तुझी, शर्ट दोन दिवस तुझ्याच दुकानात. तू काल छापून घासून आणला नाहीस कशावरून?"

मी पिशवीतून दुसरा काढला. "काल छापलेला हा आहे, साहेब. हा खोटा आहे. दहा वेळा सोड्यात धुतलाय, पॉलिशपेपरनं घासलाय. बघा जातंय का. मला खोटंच करायचं असतं तर हे दाखवलं असतं. नाव नसलेला कशाला आणू?"

भालेकर मोठ्यानं हसला. "कबूल झाला की. लिहून घ्या हो, खोटा पुरावा."

कारकून लिहीत होता. मी बोलत राहिलो. लाईट गेल्याचं, गच्चीवर वाळवल्याचं, पंडितच्या चहाचं, वहिनीच्या घासण्याचं. आणि शेवटी म्हणालो, "चुकी माझी आहे. मी ह्या ठेकेदारसाहेबांना फसवलं. कच्चा माल पक्का म्हणून दिला. चाळीस टी-शर्टांचे पैसे घेतले आणि त्यांना फसवलं."

मी मनापासून म्हणालो होतो. त्यात काही डाव नव्हता. मला तेवढी अक्कलच नव्हती.

पण भालेकरचा पाय पायावरून खाली आला.

"तू?" तो म्हणाला. "तू मला फसवणार? अरे, तुझी छपाई दोन धुण्यात जाते हे अख्ख्या गावाला ठाऊक आहे. ठाऊक होतं म्हणून तर तुझ्याकडं टाकली. पक्की पाहिजे असती तर सोलापूरला दिली नसती का मी? पाटी रंगवणारा माणूस, म्हणे फसवलं."

मला आधी फक्त पहिला अर्थ लागला. गावातले सात छपाईवाले सोडून तो माझ्या दारात का आला, तक्रार का आली नाही, अंगठा घासून का हसला, हे मला तिथं उभ्या उभ्या कळलं. तपासणीपुरतं नाव आणि मग कोरी पाठ. त्याला पाहिजे होती तशी छपाई अख्ख्या तालुक्यात माझीच होती.

दुसरा अर्थ, की छपाई आपणच दिली होती हे तो कबूल करून बसला, खोलीला माझ्या आधी कळला होता. कारकुनाचा हात थांबला होता. त्यानं साहेबांकडं बघितलं.

"भालेकर," साहेब सावकाश म्हणाले, "किती टाकली होती तुम्ही ह्याच्याकडं?"

भालेकरनं हजेरीपट आपल्याकडं ओढला.

"चाळीस," मी म्हणालो.

"आणि हजेरीपटावर अकरा," साहेब म्हणाले. "लिहा."

भिंतीपाशी लंकावहिनी होती. मी तिच्याकडं बघितलं, ती माझ्याकडं बघत नव्हती. ती कारकुनाच्या पेनाकडं बघत होती. मला वाटतं, ती अक्षरं पाठ करत होती.

पुढच्या तारखेला यल्लप्पा आपण होऊन आला आणि दोर कुणाच्या हातात होता ते बोलला. ट्रॅक्टर गेला त्याचा. अकरा महिन्यांनी हुकूम निघाला. पंडित खंडागळे, सफाई कामगार, कामावर असताना मृत्यू. झाकणाचा शब्द त्यात कुठं नव्हता. माझं गिऱ्हाईक तोवर निम्मं झालं होतं, आणि ज्यानं त्यानं तोंडावर सांगून सोडलं. बरोबरच होतं. तेव्हापासून मी काटा बघितल्याशिवाय भट्टी उघडत नाही, आणि प्रत्येक लॉटमधला एक टी-शर्ट आईच्या, आता बायकोच्या, दगडावर गेल्याशिवाय गठ्ठा बांधत नाही. लाईट नसेल तर गिऱ्हाईकाला सांगतो, उद्या या. आज नाही जमणार. जा दुसरीकडं.

हुकूम आल्यावर आठवड्यानं लंकावहिनी दुकानात आली. वर्षात पहिल्यांदा. बसा म्हणालो, बसली नाही. तीच कॅरीबॅग. आतून तोच टी-शर्ट काढला, टाचलेला, आणि पालथा पसरला.

"ह्याच्यावर त्यांचं नाव छापा," ती म्हणाली. "पंडित खंडागळे. ठेकेदाराचं होतं त्याच जागी."

मी फ्रेम बनवली. शाई मोजली. ती टेबलाच्या पलीकडं उभी राहून प्रत्येक हाताची हालचाल बघत होती. छापून झालं. मी टी-शर्ट भट्टीत टांगला आणि घड्याळाकडं हात नेला.

"किती ठेवलं?"

"तीन मिनिटं."

"सहा ठेवा."

सहा ठेवली. ती भट्टीसमोर उभी राहिली. पत्र्याची धग तोंडावर येत होती, ती हलली नाही. सहा मिनिटं झाली. मी काढून दिला. तिनं अक्षरांवर तळहात ठेवला, गरम असतानाच, आणि बराच वेळ उचलला नाही. मग घडी घालून बॅगेत टाकला.

"धुऊन बघते," ती म्हणाली. "गेलं तर परत येईन."

पंधरा वर्षं झाली. अजून आली नाही.